मास्तरांची कात्री

त्याला प्रयोगशाळेत सगळे बर्फ्या म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. हातात बर्फाची बादली नाही असा बर्फ्या कुणी पाहिलाच नव्हता. सकाळी आल्या आल्या, डब्याची पिशवी अजून खांद्यावर असतानाच, तो कोपऱ्यातल्या बर्फाच्या यंत्राकडे जायचा आणि निळी बादली काठोकाठ भरून घ्यायचा. ती मग दिवसभर त्याच्या काखेत. कुणी म्हटलं, "अरे, चहाला येताना तरी ठेव ती," तर म्हणायचा, "असू दे. कधी लागेल सांगता येत नाही."

हा त्याचा जपच होता म्हणा ना. माणूस वाईट नव्हे हो, लाख माणूस. पण काळजी करायची म्हणजे किती करायची! घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघायचं, जिना उतरून परत वर येऊन बघायचं, आणि शेवटी फाटकापासून बायकोला फोन करून विचारायचं, बटण बंद आहे ना? बायको घरातच आहे, स्वयंपाक करतेय, हे साहेबांच्या लक्षातच यायचं नाही. ती म्हणायची, "चालू आहे. तुमच्याच भाजीसाठी चालू आहे," आणि फोन ठेवून द्यायची.

आता त्याचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जिवाणूंच्या पोटात हवं ते प्रोटीन तयार करून घ्यायचं, मग जिवाणू फोडायचे आणि आतला माल अलगद बाहेर काढायचा. फोडणं सोपं. बर्फात ठेवलेल्या नळीत धातूची कांडी बुडवली, यंत्र चालू केलं, की कानठळ्या बसवणारी किरकिर सुरू होते आणि जिवाणू फुटतात. भानगड त्याच्या पुढे आहे. प्रोटीन कापणारी एन्झाइमंही त्या जिवाणूतच राहतात. प्रयोगशाळेत सगळे त्यांना कात्र्या म्हणत. घर धड असतं तोवर त्या आपापल्या जागी, आपापल्या कामात. घर फुटलं की मोकाट सुटतात, समोर दिसेल ते कापतात, आणि इतके दिवस खपून बनवलेल्या प्रोटीनच्या चिंध्या होतात.

म्हणून फोडायच्या आधीच त्यांची तोंडं बंद करणारी औषधं घालायची. त्यांना म्हणतात इनहिबिटर. पण कात्र्या काही एका जातीच्या नसतात. एक जात एका पांढऱ्या पावडरीनं गप्प होते. ती पावडर विषारी, शिवाय पाण्यात पडली की थोड्या वेळात निकामी होते, म्हणून अगदी ऐन वेळी घालायची. दुसऱ्या जातीच्या पोटात धातूचा एक कण असतो आणि त्याच्या जोरावर ती कापते. तिच्यासाठी ईडीटीए. ईडीटीएला धातू दिसला की ते ओढून घेतंच, आणि कण गेला की कात्री लुळी पडते. आणखी दोन-तीन जाती, त्यांची आणखी दोन-तीन औषधं. यातलं काय घालायचं आणि काय नाही, ते आपल्या प्रोटीनकडे बघून ठरवायचं असतं.

बर्फ्या काही ठरवायच्या भानगडीत पडत नसे. तो सगळंच घालायचा. जिवाणूत जी जात सहसा सापडतच नाही तिचंही औषध घालायचा. का, तर कधी लागेल सांगता येत नाही.

घरी बायको, आणि वडील. वडील शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कोट शिवावा तर मास्तरांनी, असं एक काळ म्हणत, आणि स्वतः मास्तर आजही तसंच म्हणत. दुकान कधीच बंद झालं होतं, पण मागच्या खोलीत खिडकीखाली कापायचं लांब टेबल होतं. तिथे उभं राहून ते दिवसभर काहीतरी बेतत, आणि खालून जाणाऱ्या माणसांच्या कपड्यांवर ताशेरे ओढत. "बघ, बघ, खांदा कसा उतरलाय! कुणी शिवला हा? शत्रूनं?" हे इतक्या मोठ्यानं की खालचा माणूस मान वर करून बघायचा. सूनबाई हसून हसून बेजार व्हायची, आणि बर्फ्या लाजून खिडकी लावून घ्यायचा.

त्यांची कात्री म्हणजे काळ्या मुठीची, जड, हातभर लांब. तिला कापडाशिवाय दुसरं काही लावायचं नाही हा घरातला कायदा. कागदानं धार मरते. लहानपणी बर्फ्यानं एकदा त्या कात्रीनं कॅलेंडरवरचा हत्ती कापून घेतला होता. मास्तरांनी मारलं नाही, पण असा काही आवाज चढवला की पोरगा टेबलाखाली जाऊन बसला, आणि आईला त्याला तिथेच जेवायला वाढावं लागलं.

ती आई साध्या तापानं गेली. साधाच आहे, उतरेल, असं सगळे म्हणत राहिले आणि ती गेली. बर्फ्या तेव्हा कॉलेजात होता. त्याच्या काळजीचं मूळ तिथे आहे असं त्याची बायको म्हणते, आणि मला तिचं म्हणणं पटतं.

तर एक दिवस मास्तर कोट कापत होते. बर्फ्यासाठीच. मुलाच्या अंगाला धड बसणारा एक कोट नाही, ही त्यांची जुनी खंत. कापता कापता त्यांना चक्कर आली, हात सरकला, आणि कात्री डाव्या हातात अंगठ्याच्या बेचक्यात शिरली. बर्फ्यानं दार उघडलं तर वडील खाली बसलेले आणि करड्या कापडावर रक्त. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. दवाखाना झाला, टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाबाच्या गोळीनं चक्कर आली. गोळी बदलून देतो. हात बरा झाला की काम करू द्या त्यांना." बर्फ्यानं गोळी बदलल्याचं ऐकलं. पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

त्यानं घर असं काही सुरक्षित केलं की विचारू नका. कात्री उचलून थेट प्रयोगशाळेत नेली आणि आपल्या खणात टाकली, म्हणजे घरात सापडायलाच नको. सुया, टाचण्या, इस्त्री, सगळं माळ्यावर. दाढीचा वस्तरा गेला, त्याच्या जागी बॅटरीवर घरघरणारं यंत्र आलं. चहा मास्तर स्वतः करायचे, तोही बंद. हात भाजला तर? चहा थर्मासमधून खुर्चीशी. कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला आणि त्यावर औषधांच्या बाटल्या मांडल्या. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यानं वडिलांना. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

हात बरा झाला. मास्तर मात्र होईनात. सुरुवातीला भांडले. "माझी कात्री कुठाय?" म्हणून रोज विचारायचे. बर्फ्या म्हणायचा, "आहे बाबा, जपून ठेवलीय." मग विचारणं थांबलं. मग खिडकीशी उभं राहणं थांबलं. खालून कसले कसले खांदे उतरलेले गेले, बाह्या लोंबलेल्या गेल्या, मास्तरांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. दाढी वाढली. जेवायला बोलावलं की यायचे, चार घास खायचे, परत खुर्चीत. रक्त तपासलं, सगळं उत्तम. "बघ, सगळं उत्तम," बर्फ्या बायकोला म्हणाला. तिनं मास्तरांच्या ताटातलं अर्धं तसंच राहिलेलं त्याला दाखवलं.

इकडे प्रयोगशाळेत मॅडमनी नवं काम दिलं होतं. मॅडम म्हणजे तिथल्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नेमकं बोलणाऱ्या. भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी हळूहळू कापून काढेल असं एक एन्झाइम हवं होतं, मलमात घालायला. म्हणजे यावेळी जे प्रोटीन वाचवायचं तीही एक कात्रीच. पहिल्या खेपेला बर्फ्याचं नशीब फिरलं. गोळ्या आणि ईडीटीए नेमकं संपलेलं, आणि होती ती पावडर घाईत फार आधी पाण्यात पडून निकामी झालेली. जेलवर बघावं तर चिंध्या. जेल म्हणजे जेलीची पातळ चौकोनी वडी असते. तिच्यात प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळं होतं. धड असेल तर एक ठळक निळी रेघ, तुकडे असतील तर खाली रेघांची उतरंड. इथे उतरंडच उतरंड. बर्फ्याला रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या खेपेला त्यानं जीव ओतला. पांढरी पावडर ऐन वेळी घातली. वर ती सर्वसमावेशक गोळी, जिच्यात झाडून सगळ्या जातींची औषधं असतात, एक पुरे असताना दोन घातल्या. शिवाय ईडीटीए वेगळं, चांगलं सढळ हातानं. बर्फ बदलून बदलून हात बधिर झाले. आणि जेलवर काय देखणी रेघ आली! एकच. खाली धूळसुद्धा नाही. लोकांनी येऊन येऊन पाहिली. बर्फ्यानं त्या दिवशी सगळ्यांना आपल्या हातानं चहा दिला.

मग ते एन्झाइम काम करतं का ते बघायचं. त्याची रीत साधी. दूध घालून थिजवलेल्या जेलीची पांढुरकी थाळी असते, तिच्यावर थेंब टाकायचा. एन्झाइम जिवंत असेल तर दुधातलं प्रोटीन कापलं जातं आणि थेंबाभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडतं. बर्फ्यानं थेंब टाकला, थाळी उबेत ठेवली, जेवून आला. थाळी होती तशी. दुपारच्या चहानंतर पुन्हा पाहिलं. पांढरी फटक.

मॅडम आल्या. थाळी दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "मागच्या वेळी चिंध्या होत्या, तरी बारीकसं वर्तुळ होतं, नाही का?"

"होतं," बर्फ्या म्हणाला.

"यावेळी काय काय घातलंस?"

बर्फ्या सांगू लागला. पावडर. गोळ्या, दोन. आणि ईडीटीए, म्हणजे तसं गोळीतही असतं, पण वेगळंही... आणि तो थांबला. कान गरम झाले त्याचे. या एन्झाइमच्या पोटात जस्ताचा कण आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच कणाच्या जोरावर ते कापतं. चोर कात्र्यांचा धातू ओढून घेणाऱ्या औषधानं घरच्या कात्रीचाही कण ओढून घेतला होता. आणि हे त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं, सढळ हातानं. लागली तर असू दे म्हणून.

"अरे देवा," तो म्हणाला.

"होतं असं," मॅडम म्हणाल्या. "घाबरलं की सगळेच सगळं घालतात. जस्त परत देऊन बघ, थोडंफार उठेल. नाहीतर पुढच्या खेपेला निवडून घाल."

जस्त परत दिलं. वर्तुळ आलं, पण असून नसल्यासारखं.

संध्याकाळी बर्फ्या घरी आला तो तोंड पाडूनच. बायको स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तो समोर बसला, मूठभर शेंगा ओढल्या आणि सगळं सांगून टाकलं. "काय गंमत आहे बघ," शेवटी म्हणाला, "एक तुकडा पडला नव्हता त्याचा. इतकं शाबूत एन्झाइम मी आजवर काढलं नव्हतं. फक्त काही करत नव्हतं."

बायकोनं हातातली शेंग खाली ठेवली. "आत खुर्चीत एक बसलेत," ती म्हणाली, "तेही शाबूतच आहेत."

बर्फ्या चिडला. चिडणारच, वर्मावर बोट पडलं होतं. "म्हणजे काय, परत कात्री देऊ त्यांच्या हातात? आणि परत हात कापला तर?"

"कापला तर पट्टी बांधू. औषधाचं कपाट भरलंय तुमचं, एकदा तरी उपयोग होईल."

"तुला कळत नाही. मी पाहिलंय ते रक्त."

"मीच धुतलंय ते कापडावरनं," ती म्हणाली. "माझ्यावर कुणी ओरडत नाही हो हल्ली. मीठ कमी पडलं तरी ओरडत नाहीत. परवा मुद्दाम कमी घातलं. गपचूप खाल्लं त्यांनी."

बर्फ्या मटार सोलत राहिला आणि दाणे टरफलांत टाकत राहिला.

तिसऱ्या खेपेला त्यानं निवड केली. ईडीटीए नाही. ती सगळ्याची गोळीही नाही. पांढरी पावडर तेवढी घेतली, आणि त्याच जातीच्या कात्र्यांना गप्प करणारं आणखी एक औषध. धातूवाल्या चोर कात्र्या मोकळ्या राहणार हे त्याला माहीत होतं. आपलं एन्झाइम स्वतःलाच थोडं कुरतडेल हेही माहीत होतं. त्याला उपाय एकच, गार ठेवायचं आणि हात चालवायचा. ईडीटीएची बाटली फळीवर समोरच होती. यंत्र चालू करायच्या आधी तिच्याकडे त्याचा हात गेला, खरंच गेला. मग त्यानं तो खिशात घातला. किरकिर सुरू झाली, आणि तेवढा वेळ बिचारा नुसता बघत उभा राहिला.

जेलवर ठळक रेघ आली आणि खाली दोन फिकट रेघा, तुकड्यांच्या. देखणं काही नव्हतं. पण थाळीवर थेंब टाकला, आणि जेवून येतो तो थेंबाभोवती असं वर्तुळ पडलेलं की खालचं टेबल आरपार दिसत होतं. मॅडम फक्त "हं" म्हणाल्या, पण थाळी घेऊन चार खोल्यांत फिरून आल्या.

बर्फ्याचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या तो आपल्या खणाशी गेला. खण उघडला. कात्री नव्हती.

शोधाशोध झाली. सापडली पलीकडच्या टेबलावर. एक सहकारी त्या कात्रीनं गाळणकागदाच्या चकत्या कापत होता, मजेत. "अरे, भारी आहे ही," तो म्हणाला, "खोकीसुद्धा कापली मी. तुझी होय? आम्ही सगळेच वापरतो." पात्याला चिकटपट्टीचा चिकटा लागला होता. बर्फ्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्यानं कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली, आणि त्या संध्याकाळी बर्फाची बादली धुवायची विसरून घरी निघाला.

मास्तर खुर्चीत होते. वाढलेली दाढी, हात मांडीवर. बर्फ्यानं ते बोचकं त्यांच्या हातावर ठेवलं. "बाबा, ही घ्या तुमची."

मास्तरांनी फडकं सोडलं. मग अंगठा मुठीत घातला, बोटं घातली. एकदा हवेत चालवली. कान दिला. पुन्हा चालवली. कपाळावर आठी आली. ते उठले, हो, कुणी हात न देता उठले, खिडकीशी गेले आणि पातं उजेडात धरलं.

"कागद कापलाय?"

"बाबा, ते काय झालं..."

"कागद कापलाय हिनं! माझ्या कात्रीनं कागद! आणि हा चिकटा कसला? खोकी फोडलीत? अरे गाढवा, एवढा शिकलास, अक्कल त्या बर्फात ठेवून आलास काय रे? जपून ठेवलीय म्हणे! याला जपणं म्हणतात? हत्ती कापलास तेव्हाच तुझे हात बांधायला हवे होते मी!"

सूनबाई ओल्या हातानं धावत आली आणि दारातच थांबली. तोंडावर पदर होता, त्याच्या आड ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बर्फ्या मान खाली घालून उभा. खालच्या रस्त्यानं जाणारे दोघे वर बघायला लागले. त्यातल्या एकाला मास्तरांनी खिडकीतून सुनावलं, "काय बघतोस? आधी बाहीची शिलाई बघ तुझ्या!"

"ओरडा बाबा," बर्फ्या म्हणाला. "अजून ओरडा."

"दगड आण माळ्यावरनं! तेल आण! उभा काय राहिलास!"

दगड आला, तेल आलं. मास्तरांनी हळूहळू, पुन्हापुन्हा बोटानं चाचपत, धार लावली. मग कोपरानं औषधांच्या बाटल्या बाजूला सारल्या, टेबलाच्या कोपऱ्यांचा फोम नखानं ओरबाडून काढला आणि सुनेला म्हणाले, "तो कोट कुठाय?" तिनं कपाटातून काढून दिला. धुऊन, घडी घालून ठेवला होता तिनं, डाग जवळजवळ गेला होता. मास्तरांनी कापड पसरलं, जुनी खडूची रेघ शोधली, पुसट झाली होती ती पुन्हा ओढली. रेघ थोडी थरथरली. त्यांनी बर्फ्याकडे एकदा डोळे बारीक करून पाहिलं. "पोट सुटलंय तुझं. इथे दोन बोटं सोडायला हवीत."

डावा हात कापडावर टेकवला, बेचक्यातला व्रण अजून गुलाबी होता. उजव्या हातातली कात्री पुढे आली. पातं हलत होतं. अगदी बोटाच्या दिशेनं हलत होतं. बर्फ्याचा हात आपोआप पुढे गेला.

"हात काढ," मास्तर म्हणाले.

"बाबा, बोट..."

"माझं आहे. हात काढ."

बर्फ्यानं हात काढला आणि पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. कात्री कापडात शिरली. रेघ थोडी चुकली, मास्तरांनी एक शिवी हासडली, कापड सरळ केलं, आणि पुढे कापायला लागले.